मागचा पडदा

फोटोच्या पाकिटाच्या पाठीवर नकाशा काढलाय.
पुढच्या बाजूला: पासपोर्ट, आठ प्रती, चाळीस रुपये बाकी.
फुलेवाडी नाका, बालिंग्याचा पूल, कळे,
साळवणला चहा, टपरी उघडी असली तर.
त्यापुढं पेन्सिल जरा चाचरते,
कारण दस्तगीर म्हणाला,
वरचा रस्ता मला बी नीट म्हाईत न्हाई गा,
पर गाडी माझी हाय, जाऊया की.

शनिवारी रात्री अडीचला निघायचं.
रविवारी चारला शाहूपुरीत बारशाची ऑर्डर.
म्हणजे हातात एक पहाट.
धुकं वेळेवर उठलं तर अख्खी,
नाहीतर तीही उरलीसुरली.

तिपाईचा एक पाय सुतळीनं बांधलाय.
रुंद लेन्स भाड्याची; तारण म्हणून आधार कार्ड ठेवलं.
दुकानदारानं त्यावरचा माझा फोटो निरखला, म्हणाला,
हा कुठल्या स्टुडिओत काढलासा?
मी बोललो नाही.
बॅटऱ्या दोन, गारठ्यात दम सोडतात,
म्हणून बनियनच्या आत, काखेजवळ.

बावीस वर्षं गंगावेशीत
मी माणसांच्या मागचं सगळं झाकत आलो.
सरकारी कामाला पांढरा पडदा,
शाळेला निळा,
हौस असली तर कॉम्प्युटरमधला बर्फाचा डोंगर,
नाहीतर नारळाची झाडं आणि कुठला तरी समुद्र.
हनुवटी खाली. कान दिसू देत. हलू नका.
एवढंच बोलून पोरांची शिक्षणं झाली.

गेल्या महिन्यात धोंडूबाई झोरे आल्या.
नवऱ्याचा एकुलता एक फोटो,
अर्ध्या कपाळावर शिक्का बसलेला.
मोठा करून द्या म्हणाल्या.
शिक्का काढला. मागं बर्फ लावून दाखवला.
बघत राहिल्या बराच वेळ, मग म्हणाल्या,
ह्ये एवढ्या गारठ्यात कशाला ऱ्हातील?
आमची टेकडी टाका की मागं.
कुठली टेकडी?
आमचीच. धनगरवाड्याच्या वरची.
जणू माझ्या कपाटात
ती घडी घालून ठेवलेलीच असणार.

मोबाईल सांगतो: सूर्योदय सहा एकोणचाळीस.
धोंडूबाई सांगतात: म्हशी सुटल्या की
दोन चिलमी ओढून होईस्तोवर थांबा,
हिरड्याची सावली पाणवठ्याला टेकंल.
तिथं ह्ये हुबं ऱ्हायचे.
काय करायचे?
काय न्हाई. हुबं ऱ्हायचे.

दोन्ही वेळा पाकिटावर लिहून घेतल्यात.
मोबाईलच्या वेळेखाली रेघ मारली नाही.

उंची विचारली तर हात वर करून दाखवला त्यांनी,
पहिल्या फांदीला हात पुरायचा न्हाई,
टाचा उचलल्या की पुरायचा.
तर दस्तगीरला त्या फांदीखाली उभा करायचा, मापाला.
तो चार बोटं उंच आहे, गुडघ्यात वाकवू.
मग म्हणायचं, हो बाजूला,
आणि डावीकडची ती जागा
तशीच ठेवून फोटो घ्यायचा.

हे मला जमेल की नाही सांगता येत नाही.
चौकटीत जागा राहिली की माझा हात
आपोआप पुढं सरकतो, जवळ या म्हणतो,
आणखी जवळ.

टेकडीला काय सांगायचं असतं?
ती हलणार नाही, गवत हलेल.
कान तिला असतील तर असतील.

पेट्रोल दोनशेचं.
स्वेटर, टॉर्च, दस्तगीरची तंबाखू, शेंगदाण्याची चटणी, भाकरी सहा.
धोंडूबाईंच्या पुतण्याला उद्या फोन करायचा.
एवढंच विचारायचं राहिलंय,
वाड्यावरची कुत्री
पहाटे बांधून ठेवतात का.